पहाडसिंग बसणार कुठे

माझ्या कामाला मराठीत काय म्हणायचं, हे बारा वर्षं ते काम करूनही मला ठरवता आलेलं नाही. लग्नकार्यात कोणी विचारलं तर 'घरूनच कॉम्प्युटरवर असतं' एवढं सांगून मी ताटाकडे बघते. फुलचूरच्या आमच्या गल्लीत बऱ्याच जणींची समजूत आहे की मी लुडोच्या कंपनीत आहे. समोरच्या वहिनींनी एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "ते जुगाराचं तर नाही ना?"

नाही, जुगाराचं नाही. मी खेळांचे नियम तपासते. त्याआधी मी गणिताच्या गाइडांची प्रुफं तपासत असे. मागे छापलेली उत्तरं चुकली आहेत का ते बघायचं. मुलगी पुण्यात शिकायला गेली आणि तिथे तिला एका खेळाचं वेड लागलं. सुटीत ती एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आली नि म्हणाली, "आई, या पानावरचं कोष्टक चुकलंय असं मला वाटतं. बघ ना." कोष्टक चुकलंच होतं. मी प्रकाशकांना मेल पाठवली. उत्तरात आभार आले, आणि सोबत आणखी चाळीस पानं आली. तिथून हे सुरू झालं.

खेळ असा असतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यातला एक सूत्रधार. तो सांगतो, तुम्ही अमक्या जंगलात आहात, समोर पूल तुटलेला आहे. बाकीचे एकेक पात्र होतात, कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी चोर. आपलं पात्र काय करतं ते ज्याचं त्याने सांगायचं. जमलं की नाही ते फासे टाकून ठरतं. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो, त्यावर ताकद किती, चपळाई किती, घाव किती सोसतो असे आकडे. सोंगट्या नाहीत, जिंकणं-हरणंही फारसं नाही. तीन तास सगळे मिळून एक गोष्ट रचतात, एवढंच.

या आकड्यांचा समतोल राखणं हे माझं काम. समतोल म्हणजे सगळे सारखे ताकदवान असणं नव्हे. तीन तासांत प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी करण्यासारखं यावं, एकानेच सगळं उरकू नये, हा समतोल. त्यासाठी नियमातली भोकं शोधायची. भोकं शोधण्यात माझा उजवा हात म्हणजे राहांगडालेजी. माझ्या नवऱ्याचे जुने मित्र, तिरोड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. एका पुस्तकात वाक्य होतं की झोपलेल्या पात्राला भीती वाटत नाही. लेखकाला म्हणायचं होतं की बेसावध माणसाला भुताची चाहूल लागत नाही. राहांगडालेजींनी ते वाचलं, आणि भूत आलं की ते शांतपणे सांगायचे, "मेरा आदमी सो गया." पूर्ण मोहीमभर त्यांचा आदमी भूत दिसलं की झोपायचा आणि भूत गेलं की उठायचा. ते वाक्य मी छापण्याआधी काढायला लावलं. अशी शंभर भोकं मी बुजवली असतील, आणि त्याचा मला अभिमान आहे, जरी तो सांगायला गल्लीत कोणी नसलं तरी.

आता ज्या कामात मी पुरती गोंधळले, त्याच्याबद्दल सांगते.

आमच्या प्रकाशनात मार्था नावाची संपादिका आहे. दूरदेशी असते, मला फक्त पडद्यावर भेटते. तिने कळवलं की नवं पुस्तक महाकायांचं आहे. आजवर खेळात महाकाय असायचे ते शत्रू म्हणून, सूत्रधाराच्या हातातले. आता खेळणाऱ्यालाच महाकाय व्हायचं होतं. बारा फूट उंच माणूस चार साध्या माणसांसोबत मोहिमेवर जाणार. नियम मी बसवायचे.

ऐकायला सोपं वाटतं. पण साखरेची एक चौकोनी वडी घ्या आणि ती सगळ्या बाजूंनी दुप्पट करायला किती वड्या लागतात ते मोजा. आठ लागतात. म्हणजे दुप्पट उंच माणूस आठपट वजनाचा. त्याच्या हाडांचा आडवा छेद मात्र चौपटच होतो, ताकदही साधारण तेवढीच. खरं गणित लावलं तर बिचाऱ्याला स्वतःचं अंग उचलता उचलता दम लागेल. खोटं लावलं तर तो एका फटक्यात मोहीम संपवेल. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी त्याला उभा करायचा होता.

चाचणीसाठी, म्हणजे छापण्याआधी रविवारी आमच्या घरी खेळून बघायला, मला एक मोहीम लागणार होती. माझ्या मनात एक गुहा होती, कचारगडसारखी. कुमुदिनी मडावी ही माझी दुसरी चाचणीकार, सालेकशाकडची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. ती म्हणाली, "मॅडम, आमचं देवस्थान आहे ते. तिथे फाशांची मारामारी नको." तिचं बरोबर होतं. मी मोहीम राइस मिलमध्ये हलवली. दरोडेखोरांनी ताबा घेतलेली एक जुनी राइस मिल. पण मिल आतून कशी असते ते मला धड माहीत नव्हतं, म्हणून मी देवरामला बोलावलं.

देवराम आमच्या शेजारच्या घरात भाड्याने राहतो आणि एका राइस मिलमध्ये मिस्त्री आहे. वय चाळिशीच्या आसपास, उंची साडेसहा फुटांच्या पुढे, हाडपेर त्याच मापाचं. तो आला आणि त्याने मला मिलचा नकाशा काढून दिला. धान कुठे पडतं, कुठून वर चढतं, कोंडा कुठे निघतो, गोदामाचं दार किती रुंद असतं. जाताना त्याने टेबलावरचा वीस बाजूंचा फासा उचलून बघितला आणि काही न बोलता परत ठेवला.

पहिल्या चाचणीत महाकाय होते राहांगडालेजी. नाव ठेवलं पहाडसिंग. पहाडसिंगाने मिलचं दार उखडलं आणि त्याच दाराने सगळे दरोडेखोर झोडपले. अर्ध्या तासात मोहीम खलास. कुमुदिनीच्या चोराचं तोवर कुंपणही ओलांडून झालं नव्हतं. तिने चिवडा खाल्ला आणि म्हणाली, "मॅडम, माझी पाळी आली की मला हलवा. मी जरा डोळे मिटते."

मी आकडे कापले. पहाडसिंग हळू चालेल, त्याला बाण सहज लागतील, साध्या दारातून तो आत जाणार नाही. दुसऱ्या रविवारी तो दीड तास मिलच्या बाहेर उभा राहिला. राहांगडालेजी चिडले. "भाभीजी, ये बॅलन्स नहीं है, ये तो सजा है. बड़ा होना गुनाह है क्या?"

मला काहीच कळेना. कॉम्प्युटरवर हजारो फासे टाकून बघितले तर दोन्ही बाजू बरोबर येत होत्या. आकडे जुळत होते, माणसं नाराज होती. बारा वर्षांत असं झालं नव्हतं. आकडे जुळले की माणसं आपोआप खूश होतात, याच भरवशावर मी काम करत आले होते.

तिसऱ्या रविवारी देवराम दारात उभा. "काकू, मीबी खेळू काय?" तो आमच्या दारातून वाकून आत आला, आणि माझ्या मनात आलं की पहाडसिंग यालाच द्यावा. राहांगडालेजींनी कागद त्याच्यापुढे सरकवला. देवरामने तो नीट वाचला, म्हणजे मी मराठीत आकडे सांगितले तसे त्याने ते बोटाने धरले. मग विचारलं, "हा बसते कुठं?"

"म्हणजे?"

"गावात गेला, कोणाच्या घरी गेला, त बसन कुठं? झोपन कुठं?"

मी माझे नियम चाळले. वजन होतं, पल्ला होता, भूक होती, पावलाचं माप होतं. बसण्याबद्दल एक ओळ नव्हती.

त्या दिवशी देवरामने पहाडसिंग असा खेळवला की मी सूत्रधार असून ऐकतच राहिले. गाव आलं की तो सांगायचा, "तो पहिले खाली बसते. मंग बोलते."

"काऊन?" राहांगडालेजींनी त्याच्याच बोलीत विचारलं.

"उभ्यानं बोललं त लोकायले वाटते हा मारते."

दरोडेखोरांशी झटापट झाली तेव्हा पहाडसिंग हात मागे बांधून उभा राहिला. देवराम म्हणाला, "याचा धक्का कोणाले लागला त सारे म्हणतीन यानंच मारलं. सुरुवात कोणी बी केली असन." कुमुदिनीचा चोर त्या दिवशी पहाडसिंगाच्या खांद्यावर बसून धुराड्याच्या झरोक्यातून आत शिरला, आणि कुमुदिनीने डोळे मिटले नाहीत.

खेळ संपल्यावर चहा पिताना मी त्याला प्रश्न विचारत गेले आणि तो सांगत गेला. शाळेत कायम शेवटचा बाक. गावात कोणाचंही जड काही उचलायचं असलं की त्यालाच हाक. ताप आला तरी 'एवढ्या आंगाले का होते' म्हणायचे. मग कप खाली ठेवून, फार काही वाटत नसल्यासारखा, त्याने आईचं सांगितलं. त्याचं गाव तिरोड्याच्या पुढे. आई गेली तेव्हा थोरला भाऊ मडकं घेऊन पुढे होता आणि देवरामने तिरडीला खांदा दिला. बाकीचे तिघे होते त्याच्या खांद्याच्याही खाली. तिरडी एका बाजूला कलली. चार पावलं गेली नाहीत तर कोणीतरी म्हणालं, "देवराम, तू बाजूले होय." तो बाजूला झाला आणि घाटापर्यंत मागून चालत गेला.

"बराबर बोलले ते," तो म्हणाला. "माय पडली असती."

 त्या आठवड्यात मला नियम सापडला. महाकाय ताठ उभा असला तर त्याची पूर्ण ताकद त्याची, पण तो एकटा. कोणी त्याला मदत करू शकत नाही, तोही कोणाला नाही. इतरांबरोबर मिळून काही करायचं तर त्याने वाकायचं. वाकला की ताकद अर्धी, पण सोबत्यांचे फासेही त्याच्या कामी येतात. जोरदार पण एकटा, किंवा अर्धा पण सगळ्यांबरोबर. आम्ही तो तीनदा खेळून बघितला. आकडेही जुळले आणि माणसंही. मार्थाने मेलमध्ये लिहिलं की इतका साधा आणि खोल नियम तिने अनेक वर्षांत पाहिला नव्हता.

प्रत्येक नियमाबरोबर समजवायला चौकटीत एक छोटा प्रसंग द्यावा लागतो. मी लिहिलं: एका गावात म्हातारी वारते, महाकाय खांदा देतो, तिरडी कलते, लोक त्याला बाजूला व्हायला सांगतात. तेव्हा तो गुडघे वाकवतो आणि सगळ्यांच्या उंचीचा होऊन शेवटपर्यंत चालतो. एका बैठकीत लिहून झालं. मला ते लिखाण फार आवडलं होतं, हे कबूल करायला हवं. देवरामला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. इंग्रजी पुस्तक, दूरच्या देशात छापलं जाणार, त्यात नाव नाही, गाव नाही. असं काहीबाही मी आता म्हणते. तेव्हा एवढाही विचार केला नव्हता.

पुस्तकाची प्रत आली त्या रविवारी सगळे जमले होते. राहांगडालेजींनी वजन करून बघितलं. कुमुदिनीने पानं उलटली आणि तिला पहाडसिंगाचा नियम सापडला. "देवरामभाऊ, तुमचा नियम आला बघा," म्हणत ती चौकट मराठी करून मोठ्याने वाचू लागली. तिला ती गोष्ट माहीत नव्हती. त्या दिवशी चहाला ती थांबली नव्हती. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत अर्धं वाचून झालं होतं. तिला थांबवायला तोंड उघडलं आणि काय सांगून थांबवायचं तेच सुचेना.

वाचून झालं. देवराम म्हणाला, "काकू, हे मायच्या वेळचं व्हय?"

"हो."

"मंग तो वाकला म्हणता?"

"हो."

"पुऱ्या रस्त्यानं?"

"हो."

 तो म्हणाला, "मले सुचलंच नाही तवा."

रागावला असता तर मला कळलं असतं काय करायचं. माफी मागितली असती. पण तो रागावला नव्हता. त्या दिवशीची मोहीम तो पूर्ण खेळला, फासे टाकले, चहा घेतला, गेला. नंतरचे तीन रविवार आला नाही. भिंतीपलीकडून त्याच्या मोटारसायकलचा आवाज यायचा आणि मी हातातलं काम थांबवायची.

एका दुपारी मी घरातल्या लांब पडवीत गुडघे वाकवून चालून बघितलं. नवऱ्याने पेपरवरून डोळे वर केले. "काय करून राहिली तू?" मी सांगितलं, नियम तपासून राहिले. एकसष्टाव्या वर्षी माझ्याच्याने पंचवीस पावलं झाली, मग भिंत धरावी लागली. छापायच्या आधी हे मी केलं नव्हतं. झोपलेल्या माणसाच्या भीतीचं भोक मला दिसलं होतं, हे दिसलं नव्हतं.

मी देवरामच्या मिलमध्ये गेले. तो एका यंत्राखाली आडवा झाला होता. मला बघून बाहेर आला, हात पुसले. आवाजात बोलता येईना म्हणून आम्ही गोदामात गेलो.

"देवराम, पुस्तकात लिहिलं ते खोटं आहे," मी म्हणाले. "मी चालून पाहिलं. जमत नाही. घरापासून घाटापर्यंत तर नाहीच नाही. तुला न विचारता लिहिलं ते एक, आणि जे लिहिलं तेही चुकीचं."

"मीबी पाह्यलं चालून," तो म्हणाला. "इथंच. या दारापासून त्या भिंतीपर्यंत गेलो. हमाल लोकं पाहून राहिले होते." पुढे म्हणाला, "गेलो असतो घाटापर्यंत. अर्ध्यात पाय गेले असते, पण अर्धं त झालं असतं."

मला वाटलं होतं की मी त्याचं ओझं उतरवायला आले आहे. ते उतरत नव्हतं. मी पोत्यांच्या थप्पीला टेकून उभी राहिले.

मग तोच बोलला. "पण काकू, तुमचा नियमच उलटा हाय. माही मशीन डुगडुगली त मी का करतो? उंच पायाले कापतो काय? बुटक्या पायाखाली पॅकिंग देतो. लाकडाचा तुकडा, पत्रा, जे असन ते." त्याने थप्पीवरचं एक रिकामं पोतं ओढलं, घडी केली, आणखी एक घडी केली, आणि माझ्या खांद्यावर ठेवलं. "हे असं. तिघायच्या खांद्यावर दोन-दोन पोते ठेवले असते त बराबर झालं असतं. घरात पोतेच पोते होते. कोणाच्याच डोक्यात नाई आलं. माह्याबी नाई."

त्याच्या आवाजात दुःख होतं की हिशेब लागल्याचं समाधान, ते मला ओळखता आलं नाही. त्या पोत्याला कोंड्याचा वास येत होता. मी ते काढलं नाही.

"हे लिहू का?" यावेळी मी विचारलं.

"लिवा. पण मायचं काढा तिथून. यंत्राचं लिवा."

नियम लिहिला. महाकायाने वाकायचं नाही. सोबत्यांनी आपली उंची वाढवायची, काहीतरी शोधून, रचून. खेळून बघितला. आकडे साफ कोसळले. महाकायाची पूर्ण ताकद आणि वर सगळ्यांचे फासे. अशी टोळी काहीही उचलू शकते, कोणालाही हरवू शकते. राहांगडालेजींना दहा मिनिटांत तीन भोकं सापडली. तिन्ही खरी होती. बुजवायला बसले तर मूळ नियमच उरेना. असमतोल आहे हे माहीत असून मी पाठवलेला तो एकमेव नियम. का पाठवला, ते मार्थाने विचारलं तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, आणि आजही येत नाही. मी इतकंच लिहिलं की जुनी चौकट काढा, तो प्रसंग माझा नव्हता. आणि नवा नियम, हवं तर, 'ज्यांना चालेल त्यांनी वापरावा' अशी टीप देऊन छापा.

पुढच्या आवृत्तीत तिने तसं केलं. आता जगभरातले खेळणारे त्यावरून भांडतात म्हणे. निम्मे म्हणतात हा नियम लिहिणाऱ्याला गणित येत नाही.

मार्थाने मला आणखी एक विचारलं होतं: ही कल्पना कोणाची, आभाराच्या पानावर कोणाचं नाव घालायचं? मी देवरामला विचारायला त्याच्या घरी गेले. तो जेवत होता. घास हातात धरून त्याने विचार केला.

"सखूबाई टाका," तो म्हणाला.

"ह्या कोण?"

"माय."

मी इंग्रजीत स्पेलिंग करून नाव पाठवलं. दोन दिवसांनी मार्थाची मेल आली. आभाराच्या पानावर प्रत्येक नावापुढे तो माणूस चाचणीच्या कोणत्या फेरीत होता तेही छापतात. सखूबाई कोणत्या फेरीत होत्या, तिच्या यादीत सापडत नाहीत. मी उत्तराची चौकट उघडली. मग लिहिलं, पहिल्या.